नेटाने जोड लावा: ऑनलाइन खेळणाऱ्या नवशिक्या गड्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांसाठी आहे. खेड-शिरूरच्या गड्यांनी थोडाफार फरक करून वापरली तरी चालेल. पुण्या-मुंबईच्या वाचकांकडे लाइट असते, फायबर असते आणि रात्री घरामागच्या उसात बिबट्या नसतो. त्यांना निम्म्या पायऱ्या फाजील वाटतील, त्यांनी त्या गाळून पुढे जावं.

साहित्य: एक मोबाइल (काच तडकलेली चालेल, फक्त डाव्या अंगठ्याखालची नको), दिवसाचा शिल्लक डाटा, एका कानाने का होईना चालणारा इअरफोन, तीन भरवशाचे मित्र आणि घरातल्या मोठ्या माणसांना लागलेली गाढ झोप. यातली शेवटची वस्तू विकत मिळत नाही. दिवसभर न सांगता कामं केली की रात्री कोणी उठून बघत नाही, असा अनुभव आहे.

पायरी पहिली: मोबाइल खिशात ठेवा आणि हगाम्याला जा

चैत्र-वैशाखात या भागात एक दिवसाआड कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा असते आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. नवशिक्याने कोणताही गेम डाउनलोड करण्याआधी एक हगामा पहिल्या कुस्तीपासून बघावा. मानाची शेवटची कुस्ती चुकली तरी चालेल, सुरुवातीच्या पोरांच्या कुस्त्या चुकवू नयेत.

काय बघायचं, तर पंच काय करतो ते. आखाड्याच्या कडेला पोरं अंगाला माती लावून बसलेली असतात. पंच त्यातल्या एकाचं मनगट धरतो, हलगीच्या ठेक्यावर त्याला आखाड्याभोवती फिरवतो आणि विचारतो, ‘‘आहे का याला जोड?’’ गर्दीतून कोणाचा तरी मामा आपला भाचा पुढे ढकलतो. पंच दोघांना शेजारी उभं करतो. उंची बघतो, खांदे बघतो, दंड दाबतो आणि मग हळूच कान बघतो. कान चुरगळलेला असला तर पोरगं तालमीतलं, मामा कितीही म्हणाला ‘‘नवखा आहे’’ तरी. मान हलते, ‘‘हा भारी पडंल, दुसरा आणा.’’ दुसरा येतो, तो पटतो, हात मिळवले जातात. रेवड्यांवरच्या कुस्त्या संपल्या की नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि रक्कम चढत जाते तशी जोडही भारी होत जाते.

एवढ्यात तुम्ही मॅचमेकिंगचा सगळा अभ्यासक्रम बघितलात. हजारो गड्यांतून तोलामोलाचे शोधायचे, फार वेळ न लावता त्यांना समोरासमोर उभं करायचं, आणि कोणी कान झाकून आला असेल तर ओळखायचं. पुढच्या पायऱ्यांत पंचाच्या जागी सर्व्हर आहे, एवढाच फरक.

पायरी दुसरी: आपला आकडा समजून घ्या

सर्व्हरला तुमचा कान दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो. हा आकडा मांडायची रीत आर्पाड एलो या गृहस्थांची. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवण्याची आणि नाद बुद्धिबळाचा. त्यांची रीत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने 1960 साली आणि बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाने, फिडेने, 1970 साली स्वीकारली. आज तुमच्या मोबाइलमधल्या बहुतेक रँकांची वंशावळ तिथवर जाऊन पोचते.

रीत अशी. तुमचा आकडा 1500, समोरच्याचा 1700. दोनशेच्या फरकाला सूत्र म्हणतं की तुम्ही शंभरातल्या साधारण 24 वेळा जिंकाल. मॅच झाल्यावर जे घडलं आणि जे घडणं अपेक्षित होतं यातला फरक काढायचा, त्याला एका ठरलेल्या संख्येने गुणायचं आणि आकड्यात मिळवायचं किंवा वजा करायचं. ती संख्या 32 धरली तर जिंकल्यास तुम्हाला सुमारे 24 गुण मिळतील, हरल्यास फक्त 8 जातील. भारी गड्याशी हरण्यात लाज कमी, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. एलोंनी त्याला कोष्टक दिलं.

फरक वाढला की सूत्र निर्दय होतं. नाशिकच्या विदित गुजराथीने 2017 साली 2700 ओलांडले. त्या पातळीच्या खेळाडूपुढे 1500 चा गडी बसला तर सूत्रानुसार त्याच्या वाट्याला हजारात एक गुण येतो. अशी जोड लावणारा पंच गावात दुसऱ्या वर्षी दिसत नाही.

पायरी तिसरी: नवखे आहात हे लपवू नका, आणि दाखवूही नका

पहिल्या दिवशी तुमच्याबद्दल कोणालाच काही माहीत नसतं. एलोंच्या रीतीत याची नीट सोय नव्हती. मार्क ग्लिकमन यांनी 1995 च्या सुमारास ती केली. त्यांच्या ग्लिको पद्धतीत प्रत्येकाला दोन आकडे: एक ताकदीचा, दुसरा त्या ताकदीबद्दलच्या शंकेचा. खेळत राहिलं की शंका कमी होते, बरेच दिवस गायब झालात की पुन्हा वाढते. कांदा काढणीला महिनाभर मोबाइल हातात घेतला नाही, तर परत आल्यावर आकडा उड्या का मारतो, त्याचं उत्तर हे.

मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 बरोबर 2005 साली ट्रूस्किल आणलं. त्यात नवा गडी 25 वर सुरू होतो, शंका असते 25 भागिले 3, आणि गड्याला धरायचा आकडा म्हणजे ताकदीतून तीनपट शंका वजा. म्हणजे शून्य. सर्व्हर म्हणतो, तू 25 चा असशीलही, पण सिद्ध होईपर्यंत तू शून्य. घरात नव्या जावयाला यापेक्षा बरी वागणूक मिळते. ट्रूस्किलचं खरं काम वेगळं होतं: चार-चार जणांच्या टोळीत कोणाच्या जोरावर जिंकलं, हे फक्त निकालांवरून हळूहळू ओळखणं. एलोंचा हिशेब दोघांपुरता होता.

आता दाखवू नका कशासाठी, तर काही भारी गडी मुद्दाम नवा आयडी काढून नवख्यांच्यात शिरतात. त्यांना स्मर्फ म्हणतात. कान झाकून आलेला पैलवान तो हाच. चांगला सर्व्हर अशाचे नेम आणि हालचाली बघून त्याला दोन-चार मॅचमध्ये वर ढकलतो. वाईट सर्व्हर ढकलत नाही आणि तुमची संध्याकाळ जाते.

पायरी चौथी: थांबा

बटण दाबलं की तुमच्या नावाची चिठ्ठी सर्व्हरच्या टोपलीत पडते. चिठ्ठीवर आकडा, प्रदेश, टोळीत किती जण आणि कुठल्या डेटा सेंटरला किती पिंग, एवढं असतं. सुरुवातीला सर्व्हर काटेकोर असतो, तुमच्या आकड्याच्या आसपासचेच शोधतो. काही सेकंद गेली आणि कोणी सापडलं नाही की जाळं रुंद करतो. अजून वेळ गेला की अजून रुंद. तीन गोष्टींची ओढाताण चाललेली असते: तोलाची जोड, कमी पिंग आणि कमी थांबणं. तिन्ही एकदम हव्या असतील तर टोपलीत चिठ्ठ्या भरपूर लागतात. रात्री नऊला असतात. पहाटे साडेतीनला, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोची गाडी लावून झाल्यावर, नसतात.

चिठ्ठ्या कमी पडल्या की काही खेळ बॉट भरतात, म्हणजे माणसाच्या नावाने धावणारा प्रोग्राम. शंभर जणांच्या लढाईच्या मोबाइल खेळात खालच्या रँकला तर ते सर्रास असतात. ओळखायची खूण: समोर येतो, क्षणभर विचारात पडल्यासारखा उभा राहतो आणि मग आभाळात गोळ्या मारतो. पहिल्या दिवशी वीस मारलेत म्हणून घरी सांगू नका.

टोपली एका रात्रीत रिकामीही होते. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै 2021 ला आलं, जुलै 2022 ला उतरवलं गेलं, मे 2023 ला परत आलं. 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा घेऊन. फ्री फायर फेब्रुवारी 2022 ला गेलं. दरवेळी मेहनतीने कमावलेला आकडा हवेत. रँक हा सातबारा नव्हे, हे नवशिक्याने लिहून ठेवावं.

मूळचा खेळच नशिबाचा असेल तर जोडीची एवढी काळजी लागत नाही. नवी मुंबईच्या विकाश जयस्वाल यांच्या कंपनीचा लुडो किंग 2016 साली आला आणि टाळेबंदीत घराघरांत पोचला. त्यात आजी नातवाला हरवते ते सर्व्हरच्या कृपेने नाही, फाशाच्या. कसब जितकं जास्त मोजायचं तितकी जोड नीट लावावी लागते.

पायरी पाचवी: पिंग

ही पायरी मोठी आहे, कारण आपलं निम्मं आयुष्य हिच्यात जातं.

तुम्ही बटण दाबलं, ते सर्व्हरला कळलं आणि कळल्याचं तुम्हाला परत कळलं, या फेरीला लागलेला वेळ म्हणजे पिंग. मोजायचा सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. नारायणगावहून मुंबईपर्यंत तार वळणावळणाने 200 किलोमीटर धरली तरी जाऊन येऊन 2 मिलिसेकंद लागावेत. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत 4,000 किलोमीटरच्या आत-बाहेर, तिथे जाऊन येऊन 40. मग तुमच्या मोबाइलवर 180 का दिसतात?

कारण उजेडाचा दोष नाही. वेळ खातो तो मोबाइल आणि टॉवर यांच्यातला मधला पट्टा, जिथे तुमची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. एका टॉवरवर किती जण लटकलेत यावर पाळी ठरते. यात्रेच्या दिवशी दोनशे उंबऱ्यांच्या गावात दहा हजार पाहुणे येतात आणि प्रत्येक जण पालखीचा व्हिडिओ पाठवतो. त्या दिवशी रँक मॅच लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. घरात फायबर असेल तर निम्मा प्रश्न सुटतो, नाशिक-पुणे महामार्गाच्या कडेला जेसीबी चालू नसेल तोवर.

पिंग सतत 90 असला तरी खेळता येतं, हात त्याला सरावतो. वाईट तो आत्ता 40, मग 300, मग पुन्हा 60. जोड लावणारे चांगले सर्व्हर म्हणून नुसती सरासरी बघत नाहीत, चढउतारही बघतात. आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे-भीमाशंकरकडच्या खोऱ्यांत मुळात एक काडी रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं. सह्याद्रीच्या धारेवर उभं राहिलं की खालच्या कोकणातला टॉवर पकडतो आणि रेंज भरभरून येते, हे खरं आहे. पण नाणेघाटाच्या कड्यावर बसून पुढे पळणारा खेळ खेळू नये.

‘‘मी भिंतीआड गेलो होतो तरी मेलो’’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खरी असते आणि तुमचं मरणंही खरं असतं. तुमच्या मोबाइलवर तुम्ही भिंतीआड पोचलात, पण ज्याने गोळी झाडली त्याच्या मोबाइलवर तुम्ही अजून उघड्यावर होतात. सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते बघून निकाल देतो. हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या याह्न बर्नियर यांनी 2001 साली ही रीत मांडून ठेवली आहे. फरक लहान असेल तर कोणाला कळत नाही. म्हणूनच जोड लावताना पिंगही तोलामोलाचे हवेत. 20 वाल्यापुढे 250 वाला बसवला की दोघंही एकमेकांना चोर म्हणतात.

उशिराने येणाऱ्या गोष्टी जुळवायच्या कशा, हे शिकायला परदेशात जायला नको. नारायणगावपासून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेना, काही मधोमध जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या, सगळ्यांत लांबच्या दोघींमध्ये 25 किलोमीटर अंतर. दूरच्या आकाशगंगेतली एकच लहर प्रत्येकीवर वेगळ्या क्षणी पोचते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकीचा उशीर मोजून सगळ्यांच्या लहरी एका वेळेवर आणतात आणि मगच जोडतात. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, लोकांना आत सोडतात तेव्हा बघून या. मोबाइल मात्र बंद ठेवावा लागेल. त्यांच्या दृष्टीने तुमचा मोबाइल हा आभाळातल्या कुजबुजीवर वाजणारा डीजे आहे.

(ज्यांना सर्व्हरशिवाय थेट मित्राच्या मोबाइलला जोडायचं आहे त्यांच्यासाठी: मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, त्यामुळे दोन मोबाइल एकमेकांना सहसा सापडत नाहीत. मध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतोच. पुढे चला.)

पायरी सहावी: लाइट

राउटर लाइटवर चालतो. एवढंच.

पण एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून. थ्री फेज रात्रीची असते त्या आठवड्यात दारं धरायला रानात जावं लागतं, आणि मोटर चालू आहे तोवर एखादी मॅच मारू, असं वाटतं. मारू नका. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरमध्ये, बिबट्यांनी माणसं नेली आहेत. वनखातं सांगतं की रात्री रानात एकट्याने जाऊ नका, बॅटरी आणि काठी ठेवा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. कानात बोळे घालून आणि मान खाली घालून बांधावर उकिडवं बसणं याच्या बरोबर उलट आहे. टोळीला सांगा, आज येत नाही.

पायरी सातवी: टोळी

चार जणांची टोळी एकत्र चिठ्ठी टाकते तेव्हा सर्व्हरपुढे पेच पडतो. सरासरी धरावी तर तीन नवख्यांच्या आड एक वाघ लपतो. सगळ्यांत भारी गड्याचा आकडा धरावा तर बाकीचे तिघे रडतात. बहुतेक खेळ मधला मार्ग काढतात आणि टोळीपुढे शक्यतो टोळीच देतात, कारण एकत्र बोलत खेळणारे चौघे, अनोळखी चौघांपेक्षा केव्हाही भारी.

आपल्याकडची टोळी साधारण अशी असते: एक मंचरच्या मार्केटमध्ये हिशेब लिहिता लिहिता, एक घोडेगावला मावशीकडे, एक चाकणच्या कंपनीत रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि एक घरी, ज्याला आई अधूनमधून हाक मारते. हा चौथा लढाई ऐन रंगात आली की ‘‘आलो आलो’’ म्हणून जातो आणि येत नाही. जगातल्या कोणत्याही सूत्रात आईसाठी रकाना नाही.

पैसे लावून जोड लावू नका. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. हगाम्यातही इनाम गाव देतं, पैलवान स्वतःची पैज लावून उतरत नाही.

पायरी आठवी: निम्म्या वेळा हरा

नवशिक्यांना ही पायरी सर्वांत अवघड जाते. जोड बिनचूक लागली असेल तर तुम्ही दोनपैकी एक मॅच हराल. सर्व्हर नीट चालल्याची ती खूण आहे. सलग दहा जिंकत असाल तर एक तर तुम्ही कान झाकून आलात, किंवा समोर बॉट आहेत.

पण जोड नेहमी तोलासाठीच लावली जाते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी 2017 साली एक निबंध मांडला: तोलाची जोड लावण्याऐवजी गडी खेळ सोडून जाऊ नये अशी जोड लावावी. त्याच वर्षी ॲक्टिव्हिजन या दुसऱ्या गेम कंपनीला एक पेटंट मिळालं, ज्यात गड्याला विकतच्या वस्तूंचा मोह पडेल अशा रीतीने समोरचा निवडायची कल्पना होती. कंपनीने सांगितलं की ते कुठल्या खेळात वापरलेलं नाही. नसेलही. पण हगाम्यातला पंच आखाड्याच्या मध्यावर सगळ्यांसमोर जोड लावतो आणि चुकला तर म्हातारी माणसं तिथल्या तिथे उठून त्याला सुनावतात. तुमची जोड कोणत्या हिशेबाने लागली, हे बहुतेक कंपन्या सांगत नाहीत आणि सुनवायला समोर कोणी नसतं. मला हे पंचापेक्षा मागासलेलं वाटतं.

म्हणून नवशिक्याने सुरुवात लिचेसपासून करावी. बुद्धिबळ आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, 2010 पासून चालू आहे आणि त्याचा सगळा कोड, जोड लावण्याच्या हिशेबासकट, उघडा आहे. वाचता येत असेल त्याने वाचावा. एक काडी रेंजवर चालतं, जगभरातून चिठ्ठ्या येत असल्यामुळे पहाटे साडेतीनलाही जोड मिळते. पहिल्या दिवशी तुमच्या नावापुढे 1500 आणि प्रश्नचिन्ह दिसेल. घाबरू नका, थोडे डाव झाले की प्रश्नचिन्ह जातं, आणि बहुधा 1500 पण जातात. मोबाइल आत्ताच चार्जिंगला लावा.